मिरजेचा तानपुरा : पूर्ण रक्कम आगाऊ की थोडा विसार?
मिरजेत तानपुरा घडवून घेताना पूर्ण रक्कम आगाऊ दिली, तर कारागिराला मनाजोगता मोठा भोपळा आणि मुरलेले लाकूड वेळेवर उचलता येते, आणि ठरलेली किंमतही सहसा टिकते. विसार देऊन बाकी पैसे नंतर दिले, तर मात्र शेवटचा शब्द गाणाऱ्याच्या कानाकडे राहतो; कारण तानपुऱ्याचा खरा कस जवारीत, म्हणजे तारेच्या गुंजत्या झंकारात लागतो, आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून, तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवून, स्वर खुलेपर्यंत तो पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. मला हाच मार्ग पटतो. अर्थात, भोपळ्याचा-लाकडाचा खर्च कारागिराच्या खिशातून जाऊ नये, इतका तरी विसार असावाच. पावतीवर मुदतीबरोबर स्वरपट्टीही (गाणाऱ्याचा 'सा' हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीवर आहे ते) लिहून घ्यावी; काळी एकसाठी बांधलेला तानपुरा काळी पाचला तसा बोलत नाही.