कपॅसिटी प्लॅनिंगचे अकरा महिने आणि साडेचारशेचा कपॅसिटर

सर्व्हरवर लक्ष ठेवणारं आणि ते कधी कमी पडतील हे आधीच सांगणारं (यालाच कपॅसिटी प्लॅनिंग म्हणतात) एक सॉफ्टवेअर अकरा महिने वापरलं, त्याचा हा अनुभव. फीचर्सची यादी देत बसत नाही. ती ब्रोशरात आहे, आणि हे वाचायला आलेल्या माणसाने डेमोही बघितलेला असणार. सर्व्हरवर एजंट नावाचा छोटा प्रोग्राम टाकायचा, सीपीयू-मेमरी-डिस्क-नेटवर्कचे आकडे गोळा होतात, डॅशबोर्ड दिसतो, आणि वरच्या पट्टीत 'अंदाज' नावाची टॅब असते. कुठली गोष्ट किती दिवसांनी संपणार ते ती सांगते. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, कारण आमची रिन्यूअलची बोलणी सुरू आहेत. ज्यांनी वापरलंय ते चौथ्या परिच्छेदापर्यंत ओळखतील.

आमचा पसारा सांगतो, म्हणजे अंदाज येईल. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पाइपची फॅक्टरी. सहा फिजिकल होस्ट, म्हणजे खरे सर्व्हर, त्यांच्यावर साठ-पासष्ट व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले आभासी सर्व्हर. ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर), त्याचा डेटाबेस, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, हजेरी, सीसीटीव्ही, सगळं त्यातच. आयटीत मी आणि एक पोरगा. लायसन्स होस्टमागे, सहांचे मिळून वर्षाचे ४ लाख ८० हजार. मालकांकडून ही रक्कम मंजूर करून घ्यायला मला तीन महिने लागले होते आणि 'नवीन सर्व्हर उगाच घ्यावे लागणार नाहीत' हाच माझा मुख्य मुद्दा होता. हे वाक्य लक्षात ठेवा.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू. दुपारी पावणेतीनला डिस्पॅचमधून फोन. "काय करून राह्यले भाऊ तुम्ही? एक बिल निघायला पाच मिनिटं लागून राह्यले. गेटवर सात गाड्या उभ्या आहेत, ड्रायव्हर लोक माह्या डोक्यावर बसून राह्यले!"

डॅशबोर्ड उघडला. ईआरपीच्या होस्टचा सीपीयू ७१ टक्के, पिवळा. लाल नाही. मेमरी ठीक. डिस्क ठीक. डेटाबेसमध्ये लॉक, म्हणजे एकाने दुसऱ्याचं काम अडवणं, नाही. नेटवर्क तर झोपलेलं. मग 'अंदाज' उघडला, तर तिथे ठळक अक्षरांत: सीपीयू ३५ दिवसांत ८५ टक्क्यांवर जाणार, शिफारस २ होस्ट वाढवा. मी भोळा. त्या पानाची प्रिंट काढली आणि मालकांच्या केबिनमध्ये गेलो. तिथूनच सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला मेल टाकला. या लोकांच्या सपोर्ट तिकिटाला, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीला, उत्तर यायला दोन दिवस लागतात. कोटेशन पावणेदोन तासांत आलं. दोन सर्व्हर, १९ लाख, वर जीएसटी.

कोटेशन वाचत होतो तेवढ्यात पोरगा आला. "सर, जरा सर्व्हर रूममध्ये या." दार उघडलं तर तोंडावर गरम वाफ. आमची सर्व्हर रूम म्हणजे पूर्वीची स्टोअर रूम, पश्चिमेची भिंत, दुपारनंतर ती भिंत हाताला लागत नाही. दोन स्प्लिट एसी आहेत. दोन्ही चालू दिसत होते, दोन्हीतून वारा येत होता. एकातला वारा मात्र नुसताच वारा होता.

वाडीहून मेकॅनिक आला. गच्चीवरच्या युनिटचं झाकण उघडून त्याने एक ॲल्युमिनियमचा डबा माझ्या हातावर ठेवला, वरून पुरीसारखा फुगलेला. "कपॅसिटर गेला जी साहेब. कंप्रेसर उचलूनच नाही राह्यला. आतला पंखा फिरते, म्हणून तुम्हाले वाटते एसी चालू आहे." साडेचारशे रुपये, पंचवीस मिनिटं. संध्याकाळी गेटवर एकही गाडी नव्हती. आम्ही कपॅसिटी प्लॅनिंग करत होतो आणि गेला होता कपॅसिटर.

आता यातला तांत्रिक भाग, कारण मलाही तो नीट त्या दिवशीच कळला. सीपीयू तापला की स्वतःला वाचवायला घड्याळ, म्हणजे कामाचा वेग, मंद करतो. आमच्या होस्टचं घड्याळ २.९ गिगाहर्ट्झचं, ते त्या दुपारी दीडच्याही खाली उतरलं होतं. पण डॅशबोर्डवरची टक्केवारी म्हणजे सीपीयू किती वेळ कामात होता एवढंच. किती वेगाने काम करत होता, हे त्यात येतच नाही. तेच काम दुप्पट वेळ चाललं म्हणून टक्के वाढले. सॉफ्टवेअरला वाटलं कामच वाढलं. एसी आठ-नऊ दिवस दुपारी थोडा थोडा दम टाकत होता, म्हणून रोजचा आकडा चढत गेला: नऊ दिवसांत ४१ वरून ५०. त्याने त्या नऊ ठिपक्यांतून सरळ रेघ ओढली, रोजचा एक टक्का धरला आणि ३५ दिवसांचं भाकीत सांगितलं. या हिशोबाने नागपुरात फेब्रुवारीत दुपारी ३० अंश आणि मे अखेर ४५ असेल, तर दिवाळीला ६० च्या वर जायला हवं.

तापमान का दिसलं नाही? होस्टमध्ये सेन्सर असतात, ते आकडे आयपीएमआय या सर्व्हरमधल्याच सोयीवरून कोणालाही वाचता येतात. पण या सॉफ्टवेअरमध्ये 'हार्डवेअर हेल्थ' हे वेगळं मॉड्यूल आहे, वेगळ्या पैशांचं. पोराने संध्याकाळी चहा पितापिता आयपीएमआयटूलची चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, दर पाच मिनिटांनी आकडा वाचते आणि ३० च्या वर गेलं की दोघांच्या मोबाइलवर मेसेज टाकते. खर्च शून्य.

इथपर्यंत मी माफ केलं असतं. खरं डोकं फिरलं ते पुढे.

नवव्या दिवशी, जरा सवड मिळाल्यावर, सपोर्टशी भांडायला बसलो. म्हटलं, ती दुपार मिनिटामिनिटाने दाखवतो. ग्राफ उघडला तर डोंगर गायब! त्या जागी ५८ टक्क्यांचं गुळगुळीत टेकाड. का, तर मिनिटाचा डेटा सात दिवस, त्यानंतर तासाची सरासरी, तीन महिन्यांनंतर दिवसाची सरासरी. सपोर्टचं उत्तर: "सर, ग्राफमध्ये तर काहीच ॲब्नॉर्मल दिसत नाही." अरे दिसेल कसं, तुम्हीच त्यावर रोडरोलर फिरवलाय! तासातली सहा मिनिटं सीपीयू १०० टक्क्यांवर आणि बाकी चोपन्न मिनिटं ३० वर असेल, तर सरासरी येते ३७. डिस्पॅचवाला त्या सहा मिनिटांत बिल काढत असतो. त्याला ३७ चं काय करायचं?

सरासरीवर माझा किती राग आहे हे घरच्यांनाही आता माहीत झालंय. नागपूरचं वर्षाचं सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास आहे. सर्व्हर रूममध्ये आत जाणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी, अशी एसी-तंत्रज्ञांच्या अमेरिकन संस्थेची, म्हणजे अ‍ॅश्रेची शिफारस आहे. म्हणजे सरासरीवर गेलं तर आमच्या सर्व्हर रूमला एसीच नको, खिडकी उघडी ठेवा, झालं. हे मी तिकिटात लिहिलं होतं. उत्तर आलं की 'तुमची सूचना प्रॉडक्ट टीमकडे पाठवली आहे'. मग शनिवार-रविवार आला, मी ४८ तासांत काही लिहिलं नाही म्हणून तिकीट बंद. पुन्हा उघडलं. पुन्हा बंद. असं चारदा.

वरचं सगळं जूनमध्ये लिहून ठेवलं होतं, रागाच्या भरात. आता जुलै आहे आणि प्रामाणिकपणे काही गोष्टी दुरुस्त करायला हव्यात.

पहिली: जुना डेटा दाबून ठेवणं ही यांचीच खोड नाही. १९९९ पासूनचं आरआरडीटूल, असे आकडे साठवून ग्राफ काढणारं साधन, हेच करतं. आमच्या व्हीएम ज्यावर चालतात त्या व्हीएमवेअरमध्येसुद्धा २० सेकंदांचे नमुने तासभरच राहतात, पुढे पाच मिनिटं, अर्धा तास, दोन तास, एक दिवस असे जाड होत जातात. डिस्क काही फुकट येत नाही. पण आरआरडीटूलमध्ये सरासरीबरोबर कमाल आकडाही ठेवायची सोय पहिल्यापासून आहे. झॅबिक्स नावाचं सर्व्हरवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर तर तासाचा किमान, सरासरी आणि कमाल हे तिन्ही न सांगता ठेवतं, आणि ते फुकट आहे. तेव्हा माझी तक्रार अर्धी खोडली, अर्धी उरली.

दुसरी, जी लिहिताना जरा लाज वाटते: सेटिंग आहे. ॲडमिन, स्टोरेज, पॉलिसी, त्यात प्रत्येक मेट्रिकपुढे बारीक अक्षरांत 'एकत्रीकरण' असा ड्रॉपडाउन. सरासरी, कमाल, ९५ वा पर्सेंटाइल (शंभरातले ९५ नमुने ज्याच्या आत राहतात तो आकडा). निवड आधीपासून सरासरीवर. पोराला सापडली, मला नाही. चारदा उघडलेल्या तिकिटात सपोर्टच्या एकाही माणसाने तिचं नाव काढलं नाही. आता सीपीयू आणि डिस्कच्या प्रतिसादाला कमाल लावली आहे, बाकीला ९५ वा पर्सेंटाइल. मात्र जुना डेटा परत येत नाही. माझा मे महिना कायमचा गुळगुळीत.

नव्याने घेणाऱ्यांनी इन्स्टॉल झाल्या झाल्या, पहिल्याच दिवशी हे बदला. त्यासोबत अलर्टही. ९० टक्क्यांचा लाल अलर्ट निरुपयोगी आहे. एकाच रांगेचं साधं गणित आहे: ५० टक्के भरलेल्या यंत्रावर कामाला मूळच्या दुप्पट वेळ लागतो, ८० वर पाचपट, ९० वर दहापट. संध्याकाळी व्हरायटी चौकात अडकलेल्याला हे समजवावं लागत नाही, शेवटच्या दहा गाड्याच सगळ्यांना उभं करतात. सीपीयूत जास्त कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, असले की आकडे थोडे नरम होतात, पण वळण तेच. आम्ही ईआरपीचा अलर्ट ७० वर आणलाय.

तिसरी: कौतुक. हो, आहे.

जानेवारीत 'अंदाज' ने सांगितलं की डेटाबेस बॅकअपची डिस्क ४३ दिवसांत भरेल. मी दुर्लक्ष केलं. ती ४१ व्या दिवशी भरली, मध्यरात्री, आणि बॅकअप अडकला. चूक माझी. मग कळलं की हे यंत्र कशात हुशार आहे आणि कशात मठ्ठ. जे साचत जातं ते त्याला बरोबर कळतं. डिस्क, टेबलांचा आकार, लॉग, मेलबॉक्स. जे भरती-ओहोटीसारखं चालतं, म्हणजे सीपीयू, त्यात ते रेघ ओढून फसतं. त्याला महिनाअखेर माहीत नाही, ३१ मार्च माहीत नाही, नवतपा तर नाहीच.

आणि दुसरं, ज्याची मला अपेक्षाच नव्हती: 'योग्य आकार' नावाचा रिपोर्ट. आमच्याकडे ज्याने मागितलं त्याला आठ व्हीसीपीयू (व्हीएमला वाटून दिलेले आभासी सीपीयू), अशी पद्धत होती. हजेरीच्या व्हीएमला आठ! ती दिवसातून दोनदा काम करते, शिफ्ट लागताना आणि सुटताना. इतके व्हीसीपीयू वाटले की होस्टवर खऱ्या कोअरसाठी धक्काबुक्की होते. व्हीएम तयार असते पण तिला कोअर मिळत नाही, आणि तो वेळ 'सीपीयू रेडी' या आकड्यात दिसतो. २० सेकंदांच्या नमुन्यात २००० मिलिसेकंद रेडी म्हणजे १० टक्के वेळ नुसतं ताटकळणं. ईआरपीच्या व्हीएमचा आकडा सोमवारी सकाळी तेवढाच होता. रिपोर्ट घेऊन आम्ही दोन रविवार बसलो. हजेरीला आठाचे दोन, वजनकाट्याला चाराचे दोन, अशा बावीस व्हीएम कापल्या. अकरा व्हीएम तर कोणाच्याच नव्हत्या. एकीचं नाव 'टेस्ट२_डिलीट_करू_नका'. दोन वर्षांत तिच्यात कोणी लॉगिन केलेलं नव्हतं. बंद करून महिनाभर थांबलो, कोणी ओरडलं नाही, उडवली. सोमवारचा रेडी आता २ टक्क्यांच्या खाली असतो. कमी देऊन वेग वाढला, हे मालकांना पटवताना मला पुन्हा तीन महिने लागतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "पंगतीत वाढप्या जास्त झाले की असंच होते." पटलं.

किरकोळ कुरबुरी: मोबाइल ॲप उघडायला वेळ खातं. रिपोर्टचं पीडीएफ मराठी नावांचे चौकोन करतं. लिनक्सवर कॅशसाठी वापरलेली, लागली की लगेच मोकळी होणारी मेमरी 'वापरात' धरून उगाच अलर्ट येतात. उपलब्ध मेमरीचा आकडा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः कितीतरी वर्षं देतंय, तो घ्यायला काय जातं?

आता रिन्यूअल. त्यांनी मागितले ५ लाख २८ हजार, दहा टक्के वाढवून. मी फोनवर फक्त मे महिन्याची गोष्ट सांगितली, कपॅसिटरपासून. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आकडा ४ लाख ३० वर आला आणि हार्डवेअर हेल्थ मॉड्यूल 'पहिलं वर्ष मोफत'. मॉड्यूल नको म्हटलं. पोराची स्क्रिप्ट बरी चालते. आम्ही आता सहाऐवजी चार होस्टचंच लायसन्स घेतोय. सीसीटीव्ही आणि बाकी फुटकळ दोन होस्ट पोराने जुन्या डेस्कटॉपवर झॅबिक्स टाकून त्यात घेतलेत. तो डेस्कटॉप अकाउंट्सने भंगारात काढलेला होता. चार होस्टच्या रकमेवर अडलंय. ते तीन लाखांवर अडून आहेत, मी पावणेतीनवर.

तो फुगलेला कपॅसिटर माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय. नवे दोन ड्रॉवरमध्ये आहेत.