द्रावकांच्या गोदामातील धूरशोधक यंत्रणा: सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कोकणातील रासायनिक कारखान्यात टोल्युइन या ज्वलनशील द्रावकाची पिंपे आणि पुठ्ठ्याच्या ड्रममधील भुकटी ठेवण्याचे ९ मीटर उंच गोदाम आहे. तेथील छताला लावलेले जुने धूरशोधक साफ करायचे म्हणजे दर वेळी परांची बांधणे, परमिट काढणे आणि अर्धे गोदाम रिकामे करणे आलेच. म्हणून भोके पाडलेल्या नळ्यांमधून हवा खेचून धूर ओळखणारी यंत्रणा आम्ही मे महिन्याच्या अखेरीस सुरू केली. शोधक यंत्र एका दिवसात भिंतीवर बसले. नळ्यांना मात्र पाच आठवडे लागले, आणि त्यानंतरची प्रत्येक अडचण नळ्यांमधूनच आली.

पहिला वाद नळीच्या प्रकारावरून झाला. ठेकेदाराने नेहमीची २५ मिलिमीटरची लाल एबीएस (एक प्रकारचे प्लास्टिक) नळी सुचवली. स्थिर विद्युतीच्या दृष्टीने त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण टोल्युइन आयआयए वायुगटात (ठिणगीने तुलनेने कमी सहज पेटणाऱ्या वायूंच्या गटात) मोडते आणि त्या गटासाठी झोन १ मध्ये, म्हणजे नेहमीच्या कामातही स्फोटक वाफ असू शकते अशा जागेत, ३० मिलिमीटर व्यासापर्यंतची प्लास्टिकची लांब वस्तू स्फोटक वातावरणातील उपकरणांच्या मानकाला चालते. हायड्रोजनसारख्या, सर्वांत सहज पेटणाऱ्या आयआयसी गटातील वायूसाठी हीच मर्यादा २० मिलिमीटर असल्याने तेथे ती नळी बादच झाली असती. आमचा आक्षेप वेगळा होता: टोल्युइनने एबीएस मऊ पडते आणि पिंपे भरण्याच्या जागेवरून जाणारी नळी वर्षानुवर्षे त्याच वाफेत राहणार होती. शेवटी स्टेनलेस स्टीलची नळी घेतली. खर्च बराच वाढला, तरीही तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

स्टील घेतले की कामाची पद्धतच बदलते. आत वेल्डिंग करायचे नाही म्हणून सर्व जोड कॉम्प्रेशन फिटिंगचे (नट आवळून बसणारे) ठेवले आणि भोके वर्कशॉपमध्येच पाडून घेतली. येथे एक चूक झाली. काही भोकांच्या आतल्या बाजूची बर (भोक पाडताना उरलेली धातूची खरबरीत कड) काढायची राहून गेली होती, आणि ३ मिलिमीटरच्या भोकात एवढीशी बरसुद्धा प्रवाहाचे सारे गणित बिघडवते. त्या नळ्या उतरवून पुन्हा घासाव्या लागल्या. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंमधील विद्युत सातत्यही तपासले, कारण जोड घट्ट दिसला म्हणून अर्थिंग अखंड असतेच असे नाही. आम्ही १० ओहमची मर्यादा पाळली आणि दोन ठिकाणी तांब्याची जोडपट्टी लावली.

शोधक यंत्र बाहेरच्या छपराखाली, पेसोची (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) मान्यता असलेल्या, आतला स्फोट बाहेर पसरू न देणाऱ्या ज्वालारोधक पेटीत आहे. खेचलेल्या हवेबरोबर वाफही पेटीत येणार, म्हणून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांवर ज्वाला पुढे जाऊ न देणारे फ्लेम अरेस्टर असायला हवेत. बाहेर पडणारी हवा ठेकेदाराने सुरुवातीला उघड्यावर सोडली होती. ते दुहेरी चूक होते. गोदामातील पंख्यांमुळे आत दाब कमी असतो, त्यामुळे यंत्राला हवा खेचणे जड जात होते. शिवाय आतली वाफ विनावर्गीकृत (स्फोटक वाफेचा धोका न धरलेल्या) जागेत येत होती. ती नळी परत गोदामात नेल्यावर प्रवाह स्थिर झाला.

जुलैमध्ये पावसाने परीक्षा घेतली. भिंतीबाहेरील ३ मीटरची नळी पावसाने थंड पडे, आतली दमट हवा तिच्यात आली की पाणी जमे, आणि उतार यंत्राकडे असल्याने ते थेट यंत्राच्या फिल्टरपर्यंत पोहोचे. आम्ही उतार उलटा करून सर्वांत खालच्या बिंदूवर झडपेसह पाणी साठवण्याचा सापळा बसवला. ती झडप नीट बंद न राहिल्यास बाहेरची हवा आत शिरून नमुना पातळ होतो, हे मात्र पाणी काढणाऱ्याला स्वतंत्रपणे समजावावे लागले.

सप्टेंबरमध्ये प्रवाह कमी असल्याची सूचना येऊ लागली. सर्वांत दूरच्या भोकातून धूर यंत्रापर्यंत पोहोचायला सुरुवातीला ७४ सेकंद लागत होते, ते ९६ झाले होते. १२० सेकंदांच्या मर्यादेच्या आत असले तरी लक्षण चांगले नव्हते. पुठ्ठ्याच्या ड्रमचा तंतूंसारखा कचरा अरेस्टरमध्ये बसला होता. त्याच्या आधी वेगळा फिल्टर लावल्यापासून आकडा ७६ च्या आसपास आहे.

खोटा इशारा सात महिन्यांत एकदाच आला, तोही शेजारच्या शेडमधील वेल्डिंगमुळे. पण ही यंत्रणा घेताना एक गोष्ट स्पष्ट असावी: मेथॅनॉलसारखे द्रावक जवळजवळ धुराशिवाय जळते, आणि ही यंत्रणा ज्वलनशील वायूची गळतीही सांगत नाही. आम्ही ज्वालाशोधक आणि वायुशोधक काढले नाहीत. ते काढायला विक्रेत्याने सुचवले होते, हे नोंदवून ठेवतो.

एक काम उरले आहे. शेवटचे भोक रॅकच्या वर असल्याने धुराची चाचणी घ्यायला अजूनही परांची बांधावी लागते. पुढच्या शटडाउनमध्ये नळीचे टोक भिंतीच्या कडेने दीड मीटर उंचीपर्यंत खाली आणून तेथे झाकणाचे चाचणीभोक देणार आहोत. हे पहिल्याच आराखड्यात मागायला हवे होते.