होंडा सीबी ९००एफ बोल द'ऑर : चोवीस तासांच्या शर्यतीची रस्त्यावरची गाडी

होंडाची जुनी सीबी ९००एफ मोटरसायकल विकत घ्यायची म्हणून बघायला गेलात की आधी इंजिन नीट गरम होऊ द्या, हेडलाइट लावा आणि बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर धरा. रंग, क्रोम, सायलेन्सर हे सगळं नंतर. ५००० आरपीएमला १४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर पुढचं बोलणं करायचं. १२.५ वरच अडकून बसला तर मालकाने नवी बॅटरी दाखवली तरी भाव पाडूनच मागा, कारण दोष बहुतेक वेळा बॅटरीत नसतोच.

एवढं सांगूनही ही गाडी घ्याच असं म्हणावंसं वाटतं, त्याला कारण तिचं घराणं आहे. 'बोल द'ऑर' म्हणजे सोन्याचा वाडगा. १९२२ पासून फ्रान्समध्ये होणारी ही चोवीस तासांची शर्यत. सुरुवातीला पूर्ण चोवीस तास एकाच स्वाराने गाडी हाकायची असा तिचा खाक्या होता. मध्ये काही वर्षं खंड पडला आणि १९६९ मध्ये पॅरिसजवळच्या मोंलेरी ट्रॅकवर ती पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी मिशेल रुझरी आणि दानिएल उर्दीक यांनी अगदी नवीकोरी होंडा सीबी ७५० घेऊन ती जिंकली. पुढे १९७४ आणि १९७५ ही दोन वर्षं गोदिये आणि जनू या स्वारांच्या कावासाकीने गाजवली. मग १९७६ मध्ये होंडाने आरसीबी ही खास शर्यतीची गाडी उतरवली. दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे, इंजिनाच्या माथ्यावरचे दांडे), सिलिंडरला चार-चार व्हॉल्व्ह, पहिल्या वर्षी ९४१ सीसी. १९७६ ते १९७९ असे सलग चार बोल द'ऑर होंडाने नेले. चारही वेळा जाँ-क्लोद शमारँ गाडीवर होता, पहिल्या खेपेला जोडीला अॅलेक्स जॉर्ज आणि पुढच्या तिन्ही वेळा क्रिस्तियाँ लेओँ. १९७८ पासून शर्यत दक्षिणेकडे पॉल रिकार ट्रॅकवर गेली. तिथली मिस्त्राल नावाची सरळ पट्टी सुमारे १.८ किलोमीटर लांब आहे, आणि दर फेरीला तेवढं सगळं अंतर थ्रॉटल पूर्ण उघडा राहतो. इंजिनाचा खरा कस तिथेच लागायचा.

१९७९ ची सीबी ९००एफ ही त्या आरसीबीच्या धड्यांवर बेतलेली रस्त्यावरची गाडी. युरोपात तिच्या अंगावर 'बोल द'ऑर' हे नावच लिहून आलं. ९०१ सीसी, ६४.५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ६९ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, हवेवर थंड होणारं इंजिन आणि ९००० आरपीएमला ९५ अश्वशक्ती. त्याच काळात आपल्याकडच्या रस्त्यांवर बुलेट, येझदी आणि राजदूत होत्या, त्यावरून हा आकडा काय होता याचा अंदाज येईल. शर्यतीतून आलं ते इंजिनाचं डोकं आणि दमसास. चासी मात्र सरळसाधी, लोखंडी नळ्यांची.

चालवायला कशी? लांब स्ट्रोकमुळे ३००० च्या पुढे गाडी एकसारखी ओढत राहते, गिअर सारखे बदलावे लागत नाहीत. तासन् तास मोठ्या वेगात ठेवा, इंजिन कुरकुरत नाही. हाच तिचा सगळ्यात मोठा गुण, आणि एका झटक्यात वेग पकडणाऱ्या आजच्या गाड्यांशी तुलना करून तो कळणार नाही. कोरडं वजन २३० किलोच्या वर आणि पुढचं चाक १९ इंची, त्यामुळे वळणात ती सावकाश झुकते, पण एकदा झुकली की धरलेली रेषा सोडत नाही. लांब वळणात मागचा भाग डोलतो तो बहुधा थकलेल्या मूळ शॉकअपमुळे. चांगल्या प्रतीची नवी जोडी बसवली आणि स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खेळ काढला की अर्ध्याहून जास्त तक्रार मिटते. ब्रेकच्या रबरी नळ्या चाळीस वर्षांत फुगून मऊ झालेल्या असतात, जाळीच्या स्टीलच्या नळ्या टाकल्याशिवाय ब्रेकबद्दल मत बनवू नका.

आता इंजिनाची खरी नाजूक जागा. हिच्यात कॅम चेन (कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) एक नाही, दोन आहेत. पहिली, पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकवरून एक्झॉस्ट कॅमशाफ्टला जाते. दुसरी आखूड चेन वरच्या वर, एक्झॉस्ट कॅमवरून इनटेक कॅम फिरवते. दोघींना ताणून धरणारे वेगळे टेन्शनर, आणि दोन्ही अर्धेच स्वयंचलित: आत स्प्रिंग आहे, पण लॉकनट आवळलेला असेपर्यंत ती काही करू शकत नाही. ते ठरावीक अंतराने सैल करावे लागतात हे अनेक मालकांना माहीतच नसतं. मग चेन सैल पडते, टेन्शनरच्या रबरी पट्टीवर आपटते, पट्टीचं रबर झिजून त्याचे काळे तुकडे तेलाच्या चेंबरमध्ये उतरतात.

पद्धत अशी: इंजिन गरम करून १००० आरपीएमच्या आसपास आयडलला ठेवायचं. एका टेन्शनरचा लॉकनट थोडा सैल करायचा, स्प्रिंगला स्वतःहून ढिलाई खेचू द्यायची आणि नट पुन्हा आवळायचा. मग दुसरा. हाताने पट्टी ढकलायची नाही, आणि नट आवळताना लांब पाना घेऊन जोर काढायचा नाही, कारण बोल्ट बारीक आहे आणि तो तुटला की साधं काम मोठं होऊन बसतं. एवढं करूनही २०००-३००० आरपीएमला खडखड राहिली तर चेन किंवा पट्ट्या संपल्या. वरची चेन कव्हर आणि कॅमशाफ्ट काढून बदलता येते. खालची अखंड आहे, नीट बदलायची तर इंजिन उतरवून त्याची केस उघडावी लागते. उजवीकडची खालची फ्रेमनळी बोल्टची असल्यामुळे इंजिन बाहेर काढणं त्या मानाने सोपं, पण मजुरी धरूनच भाव ठरवा.

आयडलला येणारी प्रत्येक खडखड मात्र कॅम चेनची नसते. क्रँकवरून ताकद मागे नेणारी हाय-व्हो प्रायमरी चेन आणि क्लच हेही आवाज करतात, आणि चारही कार्ब (कार्ब्युरेटर) एकसारखे ओढत नसले की तो आवाज दुप्पट होतो. म्हणून इंजिन खोलण्याआधी व्हॅक्यूम गेज लावून कार्ब जुळवा. बऱ्याचदा आवाज तिथेच विरतो.

टॅपेटला (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या भागाला) अंतर जुळवायच्या चकत्या, म्हणजे शिम आहेत, त्याही बकेटच्या (व्हॉल्व्हवरच्या टोपीच्या) वर, त्यामुळे कॅम न काढता बदलता येतात. थंड इंजिनाला अंतर ०.०६ ते ०.१३ मिमी. बकेट दाबून धरायचं खास अवजार लागतं. शिम बाहेर असताना क्रँक फिरवायचा नाही, नाहीतर कॅमची धार बकेटला ओरबाडते.

चार्जिंगची गोष्ट अशी की हिच्या अल्टरनेटरच्या (वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) फिरत्या भागाला, म्हणजे रोटरला, चुंबक नाही, तारेचं वेटोळं आहे, आणि त्याला वीज ब्रशमधून, रोटरवरच्या दोन कड्यांवाटे मिळते. गरम-थंड होऊन रोटरची तार आतून तुटते. मीटर लावा: दोन कड्यांमध्ये साधारण ५ ओहम यायला हवेत, काहीच आलं नाही तर रोटर मेला. स्टेटरच्या, म्हणजे स्थिर वेटोळ्याच्या, तीन पिवळ्या तारांमध्ये कुठल्याही दोन घ्या, रीडिंग सारखं यायला हवं, आणि बॉडीला एकही लागता कामा नये. या तिन्ही तारांचा प्लास्टिकचा कनेक्टर हमखास जळून तपकिरी झालेला असतो. तो कापून टाका, तारा डाखून वर आकसणारी नळी चढवा. उलट, व्होल्टेज १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बदलण्याआधी इग्निशन स्विच साफ करा. रेग्युलेटर व्होल्टेज मोजतो ते त्याच वाटेने. कळकट कॉन्टॅक्टमुळे त्याला आकडा कमी दिसतो आणि तो बॅटरी उकळेपर्यंत चार्ज करत राहतो.

आरसीबीसारखी दिसावी म्हणून दोन गोल हेडलाइट आणि अर्धं फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) लावलेल्या गाड्या युरोपात विकायला येतात. दिसायला देखण्या, काळजाचा ठोका चुकवणाऱ्या. पण ५५ वॉटचे दोन बल्ब त्या अल्टरनेटरला झेपत नाहीत, विशेषतः शहरात. एलईडी असतील तरच विचार करा. होंडाची कॉमस्टार चाकं रिव्हेटची आहेत, ती स्पोकसारखी ताणून सरळ करता येत नाहीत. वाकलं ते बदलायचं. एक्झॉस्ट खालून ठोकून बघा, जोडणीजवळ गंजतो.

कोणतं साल घ्यावं? इंग्लंड-जर्मनीत राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारी लांब पल्ला मारू पाहणाऱ्या मराठी मंडळींनी १९८१ ची एफबी ही आवृत्ती शोधावी: फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) जाड, ब्रेकच्या कॅलिपरला दोन पिस्टन, ब्रेकवर भरवसा ठेवता येतो. हमरस्त्यावरच जास्त जायचं असेल तर फेअरिंगवाली एफ२. १९७९ ची पहिली गाडी सगळ्यात सुंदर, पण ती घेतलीत तर फोर्क, शॉकअप आणि ब्रेकचा खर्च पहिल्या महिन्यातच बाजूला काढून ठेवा, आणि दोन्ही लॉकनट त्याच दिवशी सैल करून बघा.