व्हीआर स्टिचिंग रखडतंय: आधी एसएसडी की आधी ग्राफिक्स कार्ड?

व्हीआर स्टिचिंग म्हणजे अनेक लेन्सची चित्रं शिवून एकच ३६० अंशांचा व्हिडिओ करणं. ते रखडलं की नागपुरात बर्डीतल्या कुठल्याही दुकानात जा, "कार्डच बदला ना" हेच ऐकायला मिळेल. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर त्याआधी एक करा. रेंडर (स्टिच करून तयार व्हिडिओ काढणं) लावून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. डिस्क शंभर टक्क्यांना टेकलीय आणि कार्ड डुलक्या घेतंय, तर नवं महागडं कार्डही डुलक्याच घेईल. मात्र कार्डाचा '३डी' आलेख बघून फसू नका, स्टिचिंगचं बरंचसं काम त्यात दिसत नाही. 'कूडा' (एनव्हिडिया कार्डावरची आकडेमोड) किंवा 'कॉम्प्युट' आणि 'व्हिडिओ डिकोड' हे आलेख निवडून बघा.

एसएसडीची, म्हणजे फिरत्या भागांशिवायच्या वेगवान डिस्कची, बाजू आधी. इन्स्टा३६० प्रो २ सारख्या सहा लेन्सच्या कॅमेऱ्यात एकेका लेन्सची फाइल सेकंदाला १२० मेगाबिटपर्यंत जाते. सहांचे ७२० मेगाबिट, म्हणजे ९० मेगाबाइट. फिरती हार्ड डिस्क एक सलग फाइल या वेगाने आरामात वाचते. सहा फाइली एकदम मागितल्या की तिचं हेड नुसतं पळत राहतं, त्यात तयार व्हिडिओही तिच्यावरच लिहायचा असेल तर विचारूच नका. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या आसपास देते, एवढं बहुतेकांना पुरतं. एनव्हीएमईचे, म्हणजे त्याहून वेगवान एसएसडीचे, जास्तीचे पैसे ८के (साधारण ७६८० पिक्सेल रुंद) प्रोरेस, म्हणजे एडिटिंगच्या जड फाइली, काढणाऱ्यांनी मोजावेत.

डिस्क निवांत आणि 'कूडा' सतत वर, तर मात्र दुकानदार बरोबर. ऑप्टिकल फ्लो ही स्टिचिंगची पद्धत शेजारच्या लेन्समधला सामाईक भाग प्रत्येक फ्रेमला पिक्सेल-पिक्सेल जुळवते, ते ओझं कार्डावर. इथे नुसता वेग नको, कार्डाची मेमरीही बघा. ७६८० बाय ३८४० ची एक फ्रेम ३२ बिट फ्लोटमध्ये साधारण ४७० मेगाबाइट खाते, स्टिरिओत (दोन डोळ्यांना वेगवेगळं चित्र) दुप्पट. अशा कित्येक फ्रेम एकाच वेळी मेमरीत असतात, त्यामुळे ४ जीबीचं कार्ड स्वस्तात मिळालं तरी नको. आणखी एक खाच: एनव्हिडिया कार्डातला हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल करणारा भाग) एच.२६४ फॉरमॅटमध्ये ४०९६ पिक्सेल रुंदीपुढे जात नाही. ८के हवं तर एच.२६५ निवडा, नाहीतर एन्कोडिंगचं सगळं काम प्रोसेसरवर येतं.

फुकटचा उपाय या दोघांनाही मागे टाकतो: आधी कापा, मग स्टिच करा. ३८४० बाय १९२० च्या झटपट प्रतीवर एडिट करायचं. पिक्सेल चौथाई, वेळ वाचतो. कापून उरलेलंच ८के मध्ये काढायचं. ऑप्टिकल फ्लोही सगळीकडे लागत नाही. कस्तुरचंद पार्कच्या मोकळ्या मैदानात सगळं लांब असेल तर साधं टेम्प्लेट स्टिच (सगळ्या फ्रेमना एकच ठरलेली जोडणी) चालून जातं. लग्नाच्या मांडवात मावशी कॅमेऱ्याला खेटून गेल्या की फ्लोशिवाय त्यांचा हात शिवणीवर तुटतो.

भाड्याचं क्लाउड मशीन? तासाभराचं फूटेज वरच्या हिशेबाने ३२४ जीबी. ५० मेगाबिटच्या अपलोडने ते चढायलाच चौदा तासांहून जास्त लागतात. एखाद्या मोठ्या कामापुरतं ठीक, रोजचं नाही.

कार्डासाठी लॅपटॉप घ्यायचा विचार असेल तर नागपूरचा मे डोळ्यासमोर आणा. पारा ४५ वर, आणि पातळ लॅपटॉप गरम झाला की आपला वेग आपणच उतरवतो. त्याच नावाचं कार्ड डेस्कटॉपमध्ये जास्त वॅटवर तासन्‌तास टिकतं. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप आणि यूपीएस दोन्ही बसत असतील तर तेच घ्या. डेस्कटॉपच्या डब्याला कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ती हवा दमट असते.