डॉन बॉस्को चित्रसंच: २४ फलक आणि एक राहून गेलेला करार

पणजीतील धार्मिक वस्तूंच्या एका लहानशा दुकानातून इटलीतील पाद्री संत जॉन बॉस्को यांच्या जीवनावरील २४ चित्रफलकांचा मराठी संच मी गेल्या जूनमध्ये ४५० रुपयांना विकत घेतला आणि डिचोली तालुक्यातील आमच्या मराठी प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गासमोर तो आतापर्यंत तीनदा मांडला. गोव्यात या संताविषयीचे साहित्य बहुधा इंग्रजीत किंवा रोमी कोकणीत मिळते. त्यामुळे देवनागरीत छापलेला संच हाती येताच किमतीची घासाघीस करण्याचे मला सुचलेच नाही.

पहिलाच फलक दाखवला तेव्हा वर्गात हशा पिकला, कारण मुलांना माहीत असलेला ‘डॉन’ हा हिंदी चित्रपटातील टोळीचा म्होरक्या होता. इटालियन भाषेत पाद्रींच्या नावाआधी आदराने ‘डॉन’ लावतात, एवढे एक वाक्य त्या फलकावर असते तर ही वेळ आली नसती. ते मला तोंडी सांगावे लागले.

बालपणाचे फलक मात्र फार चांगले उतरले आहेत. १८१५ मध्ये बेक्की या खेड्यातील शेतकरी कुटुंबात जन्मलेला, दोन वर्षांचा असतानाच वडिलांना पारखा झालेला हा मुलगा जत्रेतील डोंबाऱ्यांचे खेळ बारकाईने पाहून शिकतो, दोरीवर चालून गावातील पोरे जमवतो आणि खेळाचे मोल म्हणून त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेतो, हा प्रसंग चित्रकाराने इतक्या जिवंतपणे रंगवला आहे की माझ्या वर्गातील एका मुलाने मधल्या सुट्टीत लगेच बाकावर तोल सांभाळून दाखवला. आई मार्गारिता १८४६ मध्ये घरदार सोडून मुलाच्या मदतीला तुरिन शहरात येते आणि तेथील अनाथ पोरांची आई होऊन राहते, तो फलकही मनाला भिडतो.

माझी खरी तक्रार पुढच्या भागाविषयी आहे. स्वप्ने, चमत्कार आणि संकटकाळी कोठूनतरी प्रकट होणारा ‘ग्रिजो’ नावाचा राखाडी कुत्रा यांना मिळून पाच फलक दिले आहेत, तर पोरांना कामधंदा शिकवण्याच्या कार्याला जेमतेम एक. श्रद्धाळू वाचकाला कुत्र्याची कथा आवडते हे मला मान्य आहे, आणि मुलांनाही ती आवडलीच. पण या माणसाचे मोठेपण मला अन्यत्र दिसते. कारखान्यांनी वाढणाऱ्या तुरिनमध्ये खेड्यांतून आलेली पोरे मिळेल ते काम करीत होती. तेथील तुरुंगांना भेटी देताना कोवळ्या वयाचे कैदी पाहून या तरुण पाद्रींच्या मनात विचार आला, की बाहेर कोणी आपले म्हणणारे असते तर ही मुले येथे आलीच नसती. त्यातूनच पुढे त्यांनी आपल्या मुलांसाठी मालकांशी लेखी करार करण्यास सुरुवात केली. १८५२ मधील एका सुताराशी केलेल्या करारात मालकाने मुलाला त्याचा धंदा शिकवावा, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, चूक झाल्यास शब्दांनीच समजवावे आणि सणाच्या दिवशी त्याला मोकळे ठेवावे, अशा अटी आहेत. मालकाने नोकर पोराला मारणे ही रोजची गोष्ट होती त्या काळात एका पाद्रीने हे कागदावर लिहून घेतले. संचात या कराराचा उल्लेखही नाही. १८५३ पासून त्यांनी स्वतःच्याच आवारात जोडे बनवण्याचे व शिवणकामाचे आणि नंतर पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई यांचे वर्ग उघडले, ते एका फलकात गर्दी करून कोंबले आहेत.

भाषेकडेही कोणीतरी पुन्हा पाहायला हवे. एकच शहर एका फलकावर ‘तोरीनो’, दुसऱ्यावर ‘ट्युरिन’ असे येते. विवेक, धर्म आणि ममता यांवर उभ्या असलेल्या त्यांच्या शिक्षणपद्धतीला ‘प्रतिबंधक प्रणाली’ म्हटले आहे, ते वाचून मुलांनी मला ही लस कशावरची आहे, असे विचारले. छडीची पाळी येऊ नये म्हणून शिक्षकाने आधीपासून मुलांबरोबर राहायचे, असे मी त्यांना समजावले.

शेवटच्या तीन फलकांत १८५९ मध्ये त्यांनी स्थापन केलेला सालेशियन हा पाद्रींचा संघ, ३१ जानेवारी १८८८ चे निधन आणि १९३४ मध्ये मिळालेले संतपद एवढे घाईने उरकले आहे. सालेशियन पाद्री १९४६ मध्ये, पोर्तुगीज अमदानीतच, पणजीत आले. त्याची एक ओळ असती तर आमच्या मुलांना हा संत परका वाटला नसता.

छपाई ठळक आहे आणि शेवटच्या बाकावरूनही चित्र ओळखू येते. मात्र श्रावणापर्यंत दोन फलकांचे प्लास्टिक कडेने सुटले. दुकानदाराने ते विनातक्रार बदलून दिले, तरी गोव्याच्या पावसात हा संच लोखंडी कपाटात, कापडात गुंडाळून ठेवावा. शिक्षकांनी तो जरूर घ्यावा, पण करारावरचा फलक स्वतः तयार करावा लागेल. मी माझा जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिला असून संचातील कामधंद्याच्या फलकाआधी लावला आहे.