सीक्वेन्स तयार आहे, आता द्यायचा कुठे? जिसएड की जेनबँक

पॉझिटिव्ह नमुन्यांतून कमी सीटी व्हॅल्यूचे, म्हणजे भरपूर विषाणू असलेले नमुने निवडले, सिक्वेन्सिंग, म्हणजे विषाणूच्या जनुकीय संकेताची अक्षरे क्रमाने वाचण्याचे काम, पार पडले आणि करोनाच्या जवळपास २९,९०० अक्षरांची फास्टा फाईल (अक्षरांचा हा क्रम साठवणारी मजकुराची फाईल) हातात आली. आता ती जिसएड आणि जेनबँक या सीक्वेन्स साठवणाऱ्या दोन भांडारांपैकी कुठे जमा करायची, हे प्रयोगशाळेने ठरवायचे आहे. माझा कौल आधीच सांगते: साथ चालू असताना पहिल्यांदा जिसएड, पण तिथेच थांबू नका. शोधनिबंध छापून येईपर्यंत फाईल दाबून ठेवणे हा पर्याय मी तुलनेत धरलेलाच नाही. चीनमधल्या चांग योंगझेन यांच्या गटाने काढलेला करोनाचा जिनोम (संपूर्ण जनुकीय क्रम) ११ जानेवारी २०२० रोजी त्यांचे सहकारी एडवर्ड होम्स यांनी सर्वांसाठी खुला केला आणि १३ जानेवारीला बर्लिनमधल्या ख्रिस्टियान ड्रोस्टन यांच्या गटाची करोना ओळखणाऱ्या पीसीआर चाचणीची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केली. साथीत दोन दिवसांची किंमत एवढी असते.

जिसएडचा जन्म भांडणातून झाला. बर्ड फ्लूच्या काळात इंडोनेशियाने विषाणूचे नमुने देणे थांबवले, कारण नमुने आमचे आणि त्यावर बनलेली लस आम्हालाच परवडणार नाही, ही त्यांची तक्रार होती. ती रास्तच होती. २००८ साली सुरू झालेल्या जिसएडने त्यातून धडा घेतला: डेटा पाहायचा तर नाव नोंदवा, अटी मान्य करा, देणाऱ्या प्रयोगशाळेचे श्रेय लिहा आणि उतरवून घेतलेले सीक्वेन्स पुढे कुणाला वाटू नका. आयत्या बिळावर नागोबा होणाऱ्यांना थोडा तरी चाप बसतो. ज्यांच्या मेहनतीवर दुसरेच निबंध छापून मोकळे झाले, त्यांना ही अट फार मोलाची वाटते. करोनाचे दीड कोटीहून जास्त सीक्वेन्स तिथे जमले ते याच भरवशावर, असे मला वाटते.

जेनबँक १९८२ पासून आहे. अमेरिकेतली जेनबँक, युरोपातली ईएनए आणि जपानमधली डीडीबीजे आपापला डेटा एकमेकींना देत राहतात, त्यामुळे एकीकडे दिले की तिन्हीकडे पोहोचते. लॉगिन नाही, करार नाही. कुणीही उतरवून घ्यावे, त्यावर प्रोग्रॅम लिहावा, निकालासोबत मूळ सीक्वेन्सही जोडावेत. जिसएडच्या बाबतीत हे शेवटचे जमत नाही. तुमचा निष्कर्ष तपासणाऱ्याला स्वतःच्या खात्यातून तोच डेटा पुन्हा गोळा करावा लागतो. शिवाय आपला प्रवेश रोखला गेल्याच्या तक्रारी काही संशोधकांनी २०२३ मध्ये उघडपणे मांडल्या. दाराला कुलूप असले की किल्ली कुणाकडे, हा प्रश्न उरतोच. खुलेपणाची किंमतही आहे: जेनबँकेतून डेटा उचलणाऱ्याने तुमचे नाव घ्यावे हा फक्त शिष्टाचार आहे, करार नाही.

पण मला सर्वात मोठा फरक वाटतो तो मूळ रीड्सचा, म्हणजे यंत्राने वाचलेल्या कच्च्या तुकड्यांचा. जिसएडवर जाते ती जुळवून तयार केलेली अंतिम फाईल, आणि ती फाईल म्हणजे अशा लाखो तुकड्यांवरून काढलेला अंदाज असतो. डेल्टाचेच घ्या. त्याच्या स्पाइक प्रथिनातला जी१४२डी हा बदल अनेक सीक्वेन्समध्ये दिसतच नव्हता. विषाणूतून तो नाहीसा झाला नव्हता. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रायमर संचाने (प्रायमर म्हणजे जिनोमच्या एकेका भागाच्या प्रती काढायला सुरुवात करून देणारे छोटे डीएनए) डेल्टाच्या जिनोमचा एक भाग नीट वाढत नव्हता. अशा रिकाम्या जागी ‘एन’, म्हणजे ‘अक्षर माहीत नाही’, असे लिहायचे असते. काही ठिकाणी सॉफ्टवेअरने तिथे मूळ वुहानच्या विषाणूचे अक्षर भरले आणि बदल पुसला गेला. अशी चूक पकडायची तर कच्चे रीड्स समोर हवेत, आणि ते ठेवण्याची सोय जेनबँकेच्या जोडीच्या एसआरए भांडारात आहे. देण्याआधी रुग्णाच्या स्वतःच्या डीएनएचे रीड्स मात्र न चुकता गाळा.

बदनामीच्या भीतीवर यापैकी कुणाकडेच औषध नाही. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची खबर दिली, आणि दोनच दिवसांत त्यांच्यावर प्रवासबंदी यायला लागली. खरे बोलल्याची शिक्षा झाली, ही सल मनातून जात नाही.

‘जिसएडला दिले की दुसरीकडे देता येत नाही’ हा समज चुकीचा आहे. पुढे न वाटण्याची अट उतरवून घेणाऱ्याला आहे. देणाऱ्याचा हक्क देणाऱ्याकडेच राहतो. म्हणून श्रेयाची काळजी असेल आणि वेळ कमी असेल, तर आज जिसएडवर टाका आणि आठवड्याभरात तीच फाईल रीड्ससह जेनबँक किंवा ईएनएला द्या. मनुष्यबळ एकाच ठिकाणापुरते असेल आणि शेजारच्या प्रयोगशाळा जिसएडवरच तुलना करत असतील, तर तिथेच द्या. नवी पद्धत किंवा नवे प्रायमर तपासत असाल, तर रीड्स आधी.

दोन्हीकडे नमुन्याचे नाव एकच ठेवा, नाहीतर एकच रुग्ण दोनदा मोजला जातो. आणि तारखेच्या रकान्यात नमुना घेतल्याचा दिवस पूर्ण लिहा, सिक्वेन्सिंगचा नव्हे. नुसते ‘२०२१’ लिहिलेल्या सीक्वेन्सवरून साथ कुठल्या आठवड्यात पसरली ते कुणालाच काढता येत नाही.