गुडघ्यापर्यंतचे स्नेक गार्ड: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून झाल्यावर

राहायला ठाण्यात, काम सर्व्हे टीमसोबत जंगलात जायचं. टीम झाडं मोजते, हद्दीचे दगड शोधते, टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं यंत्र) लावते आणि मी त्यांच्या पुढे काठी घेऊन चालतो, साप, बिबट्या, मधमाशा काय आहे ते बघायचं आणि सकाळी जेवढी माणसं आणली तेवढी संध्याकाळी धड गाडीत बसवायची, एवढंच काम. कॅनडा-अलास्काकडे असल्या टीमसोबत अस्वलावर नजर ठेवायला खास माणूस नेमतात, त्याच्याकडे अस्वलासाठीचा स्प्रे असतो. आपल्या ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात अस्वल नाही, आपली नजर बहुतेक वेळ पायाखालीच असते.

तर गार्डबद्दल, म्हणजे साप चावू नये म्हणून नडगीवर बांधायचं कवच. गेल्या जूनमध्ये ऑनलाईन दोन जोड्या मागवल्या, २,३८० रुपये जोडी, नंतर कॉन्ट्रॅक्टरच्या मागे लागून टीमसाठी अजून सहा घेतल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, ह्याच डिझाईनचे गार्ड तीन-चार नावांनी मिळतात आणि मला डिझाईनबद्दलच बोलायचंय. जाड नायलॉनचं कापड, आत प्लास्टिकच्या तीन उभ्या पट्ट्या, मागे वेल्क्रो, खाली बुटाच्या तळाखालून जाणारा पट्टा.

आधी चांगलं सांगतो. करवंदाच्या जाळीतून आणि कारवीच्या तुटक्या खुंटातून चालताना नडगीला एक ओरखडा नाही. आमच्या चेनमनच्या, म्हणजे मोजणीची टेप धरणाऱ्या पोराच्या, पायाला दर सीझनला जखमा व्हायच्या, ह्या वेळी झाल्या नाहीत, तेवढ्यासाठी तरी पैसे वसूल म्हणेन. शिलाई पावसात टिकली, कापड फाटलं नाही.

पण आपण हे घेतो सापासाठी. म्हणून घरी एका गार्डमध्ये लाकडाचा ठोकळा घालून दाभणाने टोचून बघितलं. पट्टीवर कितीही जोर लावा, दाभण आत जात नाही. दोन पट्ट्यांच्या मधे मात्र बोटभर जागा नुसत्या कापडाची आहे आणि तिथून दाभण थोड्याशा जोरात आरपार गेलं. आणि ही जागा येते कुठे तर नडगीच्या बाजूला. घोणसचे विषदात लांब असतात, तोंडात मिटलेले असतात आणि चावताना पुढे उघडतात, तिच्यासमोर बोटभर कापडाचा भरवसा मी तरी धरणार नाही. फोटो काढून कंपनीला पाठवले तर अकरा दिवसांनी नवीन जोडी आली, तीही तशीच, तीच जागा मोकळी.

दुसरं म्हणजे गार्ड घोट्यापासून वर आहे, पाऊल उघडंच. आणि साप बहुतेक वेळा चावतो तो पावलाला नाहीतर घोट्याला. टीममधली दोन पोरं कॅनव्हासचे बूट आणि त्याच्यावर हे गार्ड घालून आली होती, त्यांना मी त्या दिवशी गाडीजवळच थांबवलं. आधी घोट्याच्या वर येणारे चामड्याचे बूट, मग गार्ड. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर बूट घ्या.

सगळ्यात मोठी तक्रार आवाजाची आहे आणि ही मी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये वाचली नाही. चालताना दोन्ही पायांच्या पट्ट्या एकमेकांवर घासतात, खस्स खस्स. एका माणसाचं ठीक आहे, सहा माणसं फेब्रुवारीत सागाच्या वाळक्या पानांवरून हे घालून चालली की दुसरं काही ऐकूच येत नाही. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं, म्हणजे बिचारे आधी सांगतात की इथे येऊ नका, आणि आपण ते सांगणं बुडवून टाकणारी वस्तू पायात घालून फिरतो.

येऊरला पाटोणापाड्याच्या बाजूला हेच झालं. रीडिंग घ्यायला सगळे थांबले, शांत झालं, तेव्हा मला फुत्कार ऐकू आला. कारवीच्या बुडाशी, चेनमनपासून दोन हात लांब, चांगली जाड घोणस. सगळ्यांना आल्या पावली मागे घेतलं, पाचेक मिनिटात ती आपल्या वाटेने गेली. नंतर चेनमन मला म्हणतो, "दादा, मी तिथेच पाय टाकणार होतो, म्हटलं गार्ड आहेच की." त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. गार्ड घालायच्या आधी हाच पोरगा काठीने पान हलवल्याशिवाय पाय टाकत नव्हता.

तेव्हापासून मी स्वतः पुढे चालताना गार्ड घालत नाही, जाड गमबूट घालतो म्हणजे आवाज होत नाही, टीमने दहा पावलं मागे राहायचं आणि मी हात वर केला की सगळ्यांनी जागेवर थांबायचं, बोलायचं पण नाही. काम थोडं हळू होतं, इंजिनिअर साहेब सुरुवातीला कुरकुरले, पण ती घोणस त्यांनी पण बघितलीय.

पावसाळ्यात गार्डचा उपयोग अजून कमी. तेव्हा चापडा हा विषारी साप झुडपात बसलेला असतो, हिरवागार, फांदीवर, हाताच्या नाहीतर तोंडाच्या उंचीवर. फांदी बाजूला करायची तर काठीने, हाताने कधीच नाही. आपल्याकडची सापाची लस, म्हणजे चावल्यावर देतात ते विषावरचं औषध, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चौघांसाठी असते, चापडा त्यात नाही, म्हणून तर जास्त जपायचं.

ऐरोलीला खाडीकडे तिवरांमध्ये तर हे नेऊच नका. चिखलात खालचा पट्टा पहिल्या तासात निघाला, वेल्क्रोत गाळ भरला, मग तो चिकटेना. तिथे साधे साडेचारशे रुपयांचे गमबूट बेस्ट. तिथले कोल्हे आपल्याला बघून पळतात, लक्ष ठेवायचं ते भरती-ओहोटीच्या वेळेवर.

डोंगरात दिवाळीनंतर वेल्क्रोचा दुसरा शत्रू म्हणजे कुसळं. गवताची कुसळं त्यात अशी घुसतात की रोज संध्याकाळी सुई घेऊन बसावं लागतं, दोन महिन्यात पकड अर्धी गेली. त्याच्यापेक्षा बकलवाले गार्ड शोधा, मी आता तेच मागवलेत. आणि मे महिन्यात आत घामाने पाय शिजतो, मग जेवायच्या सुट्टीत सगळे गार्ड काढून सावलीत दगडावर बसतात. सावलीतला दगड सापाला पण हवाच असतो की. म्हणून जेवणाची जागा आधी मी काठीने फिरून बघतो आणि मगच डबे उघडायचे, खरकटं परत गाडीत. खरकट्याला कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. लघवीला पण एकट्याने जायचं नाही, वाकलेला नाहीतर बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. सूर्य मावळायच्या आधी खाली.

अजून एक, गार्ड विकणारे सांगत नाहीत म्हणून लिहितो. २,३८० रुपयांच्या आधी हे फुकटचं करा. साईटवर जायच्या दिवशी सकाळी जवळच्या सरकारी हॉस्पिटलला फोन करून लस आहे का विचारा, गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा, ड्रायव्हरला चावी घेऊन चहाला जाऊ देऊ नका. ॲम्ब्युलन्सचा १०८ आणि वनखात्याचा १९२६ सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत. चावलंच तर दोरी करकचून बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही, चोखायचं नाही, अंगठी-घड्याळ काढा, पाय हलू न देता माणसाला उचलून गाडीत घाला. सापाला मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका, डॉक्टर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतंय का ते बघतात आणि लक्षणांवरून ठरवतात.

पाचपैकी तीन स्टार. काट्यांसाठी पाच दिले असते, मधल्या जागेसाठी आणि आवाजासाठी दोन कापले. ज्यांना घ्यायचेत त्यांनी पोटरीचं माप जाड पँटवरून घ्या, आणि आलेल्या दिवशीच दाभणाने तपासा म्हणजे परत करायची मुदत हातात राहते.